आंदणात गेलेले बेट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला बजावून सांगितले आहे की यंदा पाककृती नको, आजीबाईचा बटवा नको, आपल्या मुंबईविषयी चार नवलाच्या गोष्टी सांगा. मी पडले सातवी शिकलेली बाई. इतिहास सांगायचा तो प्रोफेसरांनी. पण दुपारी भांडीकुंडी आवरल्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंतचे दोन तास माझे स्वतःचे असतात, आणि गेली काही वर्षे ते मी वाचनालयातल्या पुस्तकांवर खर्च केले आहेत. तेव्हा मला जे सापडले ते तुमच्यापुढे ठेवते. गोष्टी नवलाच्याच आहेत. पण त्या निवडताना माझ्या मनात एक हेतू आहे, तो मध्येच कुठेतरी सांगेन.

मुंबई ही इंग्रजांना पोर्तुगालच्या राजाकडून आंदणात मिळाली, हे शाळेत आपण सर्वांनीच वाचले आहे. 'आंदण' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? भांडी, पलंग, शिलाईचे यंत्र. इथे सबंध बेट! पण ज्या मुलीच्या लग्नात हे आंदण दिले, तिचे पुढे काय झाले हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते. तिचे नाव कॅथरीन, ब्रगांझा घराण्यातली. लग्नाचा करार १६६१ साली झाला, आणि १६६२ साली ती जहाजात बसून इंग्लंडला दुसऱ्या चार्ल्स राजाच्या घरी गेली. वय तेवीस. भाषा परकी, धर्मपंथ निराळा, आणि नवऱ्याची प्रीतिपात्रे दरबारात उजळ माथ्याने वावरणारी. तिला मूल झाले नाही, त्याचाही बोल तिलाच. नवरा वारल्यावर काही वर्षांनी ती माहेरी पोर्तुगालला परत गेली आणि तिथे १७०५ साली वारली. जाण्यापूर्वी तिने भावाच्या आजारपणात राज्यकारभारही पाहिला. इंग्लंडच्या बड्या घरांतून चहा पिण्याचा रिवाज वाढला तो या राणीमुळे. आज साहेबाचा चहा म्हणून जो आपण मिरवतो, तो एका परक्या घरी आलेल्या सुनेने नेलेला.

आणि मुंबई? मुंबई तिने जन्मात पाहिली नाही. ती कुठे आहे हेही तिच्या सासरच्यांना नीट ठाऊक नव्हते. राजाचा मोठा मंत्री क्लॅरेंडन याला मुंबई ब्राझीलच्या जवळपास आहे असे वाटत होते, असे सांगतात. आंदणातली वस्तू मुलीच्या हाती राहत नाही, ती सासरच्या हाती जाते, हा अनुभव राणीलाही चुकला नाही. १६६८ साली राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. दहा पौंड! आमच्या चाळीत पागडीची खोली असलेल्यांना हे भाडे ऐकून आपलेपणा वाटेल.

मात्र बेट काही लग्न होताच इंग्रजांच्या हाती आले नाही. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांची जहाजे मुंबईच्या बंदरात येऊन उभी राहिली, तर इथला पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला, कागद नीट नाहीत, बेट देत नाही. जहाजावरचे सर अब्राहम शिपमन आणि त्यांचे चारशेहून अधिक शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. ना घर ना दार, पावसाळा डोक्यावर. ताप, हगवण. स्वतः शिपमन तिथेच १६६४ मध्ये वारले, आणि शेवटी मुंबईत पाऊल ठेवायला जेमतेम शंभराच्या आसपास माणसे उरली. कागद पुरा व्हायला अडीच वर्षे लागली. आपल्या नव्या इमारतीच्या करारालाही वेळ लागतो आहे म्हणून काहीजणी कुरकुरतात, त्यांना हे सांगण्यासारखे आहे.

आता यातली गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसले. १६६५ च्या फेब्रुवारीत बेट इंग्रजांच्या हवाली करण्याचा जो समारंभ झाला, तो कुठल्या किल्ल्यात किंवा चर्चमध्ये नव्हे, तर एका बाईच्या घरी झाला. तिचे नाव दोना इग्नेझ दि मिरांदा. विधवा होती. पोर्तुगीजांच्या अमदानीत बेटाची मालकी खाजगी माणसांना खंडाने देण्याची रीत होती. शंभर वर्षांपूर्वी हेच बेट गार्सिया दा ओर्ता नावाच्या एका वैद्याकडे होते. त्याने आपल्याकडच्या औषधी झाडपाल्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यात छापला. तर इग्नेझबाईच्या वेळी ती या बेटाची मालकीण होती. लोक तिला 'बेटाची धनीण' म्हणत. आज टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या पाठीमागे नौदलाच्या ताब्यात जी जागा आहे, तिथे तिचा वाडा होता.

म्हणजे पाहा. एका मुलीच्या लग्नात आंदण दिले, ती मुलगी हजारो मैलांवर. आणि ज्या बाईच्या वाड्यात बसून सह्या झाल्या, तिच्या पायाखालचीच जमीन दिली जात होती. ओसरीवर पाहुणे बसले आहेत, मातीची मूठ आणि दगड एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जात आहेत, आणि घरची मालकीण आत. आत होती की बाहेर, हे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. माझ्या मनाने मी तिला आत उभी केली.

पण एक गोष्ट लिहिलेली आहे. बेट देताना पोर्तुगीजांनी ज्या अटी घातल्या, त्यांत एक कलम केवळ या बाईसाठी होते. तिची मिळकत तिच्या मर्जीवाचून कोणी घेऊ नये, आणि तिच्यामागे वारसांकडून इंग्रजांना घ्यायची झाली तर वाजवी किंमत मोजून घ्यावी. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा कागद. त्या कागदावर राजे होते, व्हाइसरॉय होते, पण एका विधवेसाठी एक कलमही होते.

माझा हेतू मी सांगेन म्हटले होते, तो इथेच सांगते, म्हणजे पुढच्या गोष्टी मोकळेपणी ऐकाल. आपली चाळ पाडून नवी इमारत व्हायची आहे. प्रत्येक बिऱ्हाडाचे कागद तयार होत आहेत. गेल्या महिन्यात मी घरोघर जाऊन आमच्या मजल्यावरच्या भाडेपावत्या पाहिल्या. चौदा बिऱ्हाडे. बारा पावत्या सासऱ्यांच्या किंवा नवऱ्यांच्या नावाच्या, एक तर आजेसासऱ्यांच्या नावाची, ज्यांना जाऊन तीस वर्षे झाली. बाईचे नाव एका पावतीवर. आणि या चौदा बिऱ्हाडांत पाणी भरणारी, भाडे नेऊन देणारी, कधी गळती लागली तर मालकाच्या गुमास्त्याशी भांडणारी कोण, हे मी सांगायला नको.

माझ्या आईची खाणावळ होती, हे तुमच्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक आहे. लालबागला दोन खोल्या. गिरणीतले कोकणातले आणि घाटावरचे गडी दोन वेळचे जेवायचे. पहिल्या पाळीच्या डब्यासाठी आई पहाटे तीनला चूल पेटवायची. गोड्या माणसांचे निराळे, माशांचे निराळे. वारकरी असला तर त्याचे पातेलेसुद्धा निराळे. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. तेव्हा मी पाळण्यात होते. हे सगळे मला आईच्या तोंडूनच ठाऊक आहे. गडी म्हणाले, संप मिटला की देतो. आई वाढत राहिली. पुढे एकेक जण गावी गेला. आईच्या वहीत नावे राहिली, पैसे राहिले. कोणावर तिचा राग नव्हता. "ते तरी कुठून देणार?" म्हणायची. खाणावळ ती तरीही रेटत राहिली, थोड्या माणसांवर. माझी सातवी झाली त्या वर्षी वडील वारले. खोल्यांची पावती आजोबांच्या नावाची होती. चुलत्यांनी नाव लावून घेतले, आणि वर्षाच्या आत आम्ही मायलेकी मामाकडे. पंधरा वर्षे त्या खोल्यांत शेकडो माणसे जेवली, पण त्या जागेच्या एका कागदावर आईचे नाव नव्हते. माझी शाळा सुटली ती अशी. हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. कागदाची किंमत मला कुठून कळली, एवढेच सांगते.

असो. आता जरा मोकळी हवा घेऊ.

मुंबई म्हणजे सात बेटे, हे सर्वांना माहीत आहे: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. त्यातल्या धाकट्या कुलाब्याचे इंग्रजी नाव काय होते ठाऊक आहे? 'म्हातारीचे बेट'! नकाशांत चक्क तसेच छापलेले आहे. कुणी म्हणतात 'अल् ओमानी', म्हणजे ओमानकडे मासेमारीला जाणाऱ्या कोळ्यांचे बेट, या शब्दाचा साहेबाच्या तोंडी तसा अपभ्रंश झाला. खरे काय ते असो, मला म्हातारीच पसंत आहे.

या बेटांच्या मधून समुद्राचे पाणी खेळत असे. भरतीला महालक्ष्मीच्या बाजूने पाणी आत घुसे, ते पार आत पसरे. म्हणून तर 'पायधुणी'. तिथे लोक ओढ्यातून उतरून पाय धूत. आज पायधुणीला पाय धुवायचे म्हटले तर बाटलीबंद पाणी विकत घ्यावे लागेल. उमरखाडीत खाडी नाही, धोबीतलावात तलाव नाही, गवालिया टँकवर टाकी नाही. पाणी गेले, नावे राहिली. महालक्ष्मीपासून वरळीपर्यंतचा बांध अठराव्या शतकात हॉर्नबी गव्हर्नराच्या काळात पुरा झाला, तेव्हा आतली जमीन कोरडी झाली. बांध सारखा ढासळत होता. मग रामजी शिवजी नावाच्या प्रभू ज्ञातीच्या गृहस्थाला देवीने स्वप्नात येऊन सांगितले की मी समुद्रात आहे, मला बाहेर काढ. मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, अशी कथा सांगतात. महालक्ष्मीचे देऊळ त्यानंतरचे.

आणि जिच्यावरून गावाला नाव मिळाले त्या मुंबादेवीलाही घर बदलावे लागले आहे, बरे का. तिचे जुने देऊळ हल्लीच्या बोरीबंदर स्टेशनाच्या परिसरात होते. इंग्रजांना किल्ल्याच्या भोवतीची जागा मोकळी हवी होती, तेव्हा अठराव्या शतकात तिला उठवून भुलेश्वराकडे आणून बसवले. पण देवीचे नाव मात्र कोणी बदलू शकले नाही. उलट १९९५ साली सरकारदरबारी सबंध शहरालाच तिचे नाव परत लागले.

बंदरातली गोदी खणताना निघालेली गोष्ट ऐका. १८७० नंतरच्या दशकात प्रिन्सेस डॉक खणत होते, तर भरतीच्या पाण्याच्याही खाली, चिखलात, झाडांचे बुंधे सापडले. एक दोन नव्हेत, तीनशेहून अधिक. त्यांत खैराची झाडे होती. म्हणजे आज जिथे बोटी लागतात तिथे कधीकाळी रान होते आणि जमीन खचून ते समुद्राखाली गेले. आपण समुद्र हटवून जमीन केली असे अभिमानाने म्हणतो, पण समुद्राने आपला हिशेब आधीच चुकता करून घेतला होता.

गोदीचा विषय निघाला म्हणून सांगते. लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून आले. त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी इथे मलबारच्या सागवानाची अशी जहाजे बांधली की इंग्रजांच्या आरमाराला ती विलायतेतल्या ओकच्या जहाजांपेक्षा टिकाऊ वाटू लागली. 'त्रिंकोमाली' नावाचे इथे १८१७ साली पाण्यात सोडलेले जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते आहे. 'कॉर्नवॉलिस' नावाचे दुसरे, १८१३ सालचे. १८४२ साली चीनने हाँगकाँग बेट इंग्रजांना लिहून दिले ते याच मुंबईत बांधलेल्या जहाजावर. एक बेट बाईच्या वाड्यात दिले गेले, दुसरे त्या बेटावर बांधलेल्या जहाजात.

इतकी माणसे इथे कुठून कुठून आली, याची तर मोजदादच नको. कामाठीपुरा हे नाव आले तेलंगणाकडून आलेल्या कामाठी मजुरांवरून. मुंबईच्या किती इमारतींची दगडमाती त्या बायकांनी डोक्यावरून वाहिली असेल! मशीद बंदर स्टेशनाचे नाव कशावरून? मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर जवळच्या ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरावरून, असे सांगतात. १७९६ सालचे आहे ते, सॅम्युएल दिवेकर नावाच्या गृहस्थांनी बांधलेले. नाव ऐकलेत ना? दिवेकर! हे बेने इस्रायल लोक शेकडो वर्षे आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवीत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बोलायचे मराठी, बायका नेसायच्या नऊवारी, आणि हळद मेंदी आपल्यासारखीच. पुढे त्यांतले पुष्कळ इस्रायलला गेले, ते मराठी बरोबर घेऊन. आता स्टेशनाचे नाव मशीद, देऊळ ज्यूंचे, बांधणारा दिवेकर, आणि उतरणारी गर्दी सगळ्या जातिधर्मांची. मुंबईचे वर्णन करायला मला दुसरे वाक्य सुचत नाही.

ससून डॉकची तीच तऱ्हा. बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातल्या ससून शेटनी तो १८७५ साली कापसासाठी बांधला, आणि आज तिथे राज्य आहे कोळणींचे. पहाटे जाऊन पाहा. पुरुष होडीवरून मासळी उतरवून देतात, तिथे त्यांचे काम संपले. लिलावात बोली, वाटे, उधारी, वसुली, सारे बायकांच्या हाती. पैशाचा पिशवी-बटवा कोळणीच्या कमरेला. आम्ही शहाण्यासुरत्या बायका घरखर्चाला हात पसरतो, आणि जिला अडाणी म्हणतो ती नाखव्याला खर्चाला पैसे देते. बोंबलाला साहेब 'बॉम्बे डक', म्हणजे बदक, का म्हणे? सुका बोंबील मेलगाडीने, 'डाक'ने जायचा आणि डबा घमघमायचा म्हणून, अशी गोष्ट सगळे सांगतात. गोष्ट गमतीची आहे, पण आगगाडी इथे सुरू झाली १८५३ साली, आणि हे नाव त्याच्या आधीपासून छापील आढळते. तेव्हा ती गोष्ट यापुढे कोणी सांगितली तर तुम्ही हळूच साल विचारा.

आता माहीमची गोष्ट. ती मी मुद्दाम राखून ठेवली होती.

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. येणेजाणे तरीने. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. पूल बांधा म्हणून मागणी होत होती, सरकार पैसे नाहीत म्हणत होते. शेवटी पैसे दिले आवाबाईंनी. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या त्या पत्नी. एक लाख सत्तावन्न हजार रुपये, त्या काळचे! अट एकच, की या रस्त्यावर कोणाकडून कर घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. जमशेटजींचा पैसा चीनच्या व्यापारातला, त्यात कापूस होता तशी अफूही होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या पैशातून बायकोने जे केले त्यावरून आज लाखो माणसे रोज जातात आणि एक पैसा देत नाहीत.

त्या रस्त्याला आणि पुढच्या माहीमच्या सडकेला नाव काय पडले? 'लेडी जमशेटजी'. आपण तर त्याचेही 'एल. जे. रोड' केले. पैसे आवाबाईंचे, नाव जमशेटजींचे, आणि बाईची खूण म्हणून 'लेडी' एवढा एक शब्द. मी माहीमला माझ्या नणंदेकडे जाताना बसमध्ये शेजारणीला विचारले, ही लेडी कोण? ती म्हणाली, "असेल कोणी मडमीण." तिचा तरी काय दोष?

राजाबाई टॉवरचे मात्र बरे झाले. प्रेमचंद रायचंद शेटनी अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी कापसाच्या तेजीत अमाप पैसा मिळवला आणि नंतर बुडवलाही. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी त्यांनी पैसे दिले, आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव घातले. १८७८ साली तो पुरा झाला. आईला दिसत नव्हते, जैन असल्याने दिवस मावळण्यापूर्वी जेवायचे, म्हणून तिला वेळ कळावी यासाठी घड्याळाचे टोले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, मुंबईच्या सगळ्यांत जुन्या विद्यापीठाच्या माथ्यावर एका आईचे पुरे नाव आहे.

आणि आपल्या गिरगावातली रखमाबाई! सुतार ज्ञातीतली मुलगी, जन्म १८६४ चा, अकराव्या वर्षी लग्न. वडील लहानपणीच वारले होते. आईने दुसरे लग्न करताना पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर करून दिली. मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, ज्या लग्नाला माझी संमती नव्हती त्या नवऱ्याकडे मी नांदायला जाणार नाही. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते! सबंध हिंदुस्थानात आणि विलायतेत वर्तमानपत्रे तिच्या खटल्याने भरली. १८८८ साली नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. मग ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली आणि सुरत, राजकोटला तिने जन्मभर बायकांची सेवा केली. तिच्या धैर्याबद्दल सगळे लिहितात, ते योग्यच आहे. पण मी जरा गृहिणीच्या दृष्टीने पाहते. तिच्या आईने मिळकत तिच्या नावावर केली नसती, आणि घरात सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्यासारखा पाठीराखा नसता, तर ते धैर्य किती दिवस टिकले असते?

अगदी जवळचे उदाहरण हवे तर आपल्याच गिरगावातले. १९५९ च्या १५ मार्चला लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. तिथे लाटणारी बाई नोकर नसते, भागीदार असते. बहीणच म्हणतात तिला. आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. तोवर त्या बायका मंगळसूत्र सावकाराकडे ठेवून जोंधळे-तांदूळ आणायच्या. प्रेमाताईंनी त्यांना बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या सहीवर मिळवून दिले. माझ्या आईपर्यंत ते पोहोचले नाही. लालबागमध्ये राहूनही नाही. मंडळे असतात, पण बाई उंबऱ्याबाहेर पडून तिथवर गेली पाहिजे, आणि पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला ते कधी जमणार?

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही नवऱ्यांविरुद्ध उठवता आहात. मुळीच नाही. माझ्या घरी हे बोलणे झाले आहे. ह्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "माझे नाव काढणार आहेस का?" मी म्हटले, काढायचे कशाला, शेजारी माझे लावायचे. हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर आपण दोघांची नावे छापतोच की. आता तर सरकारनेही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे, असा नियम केला आहे. आणि एप्रिल २०२१ मध्ये बाईच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली. आपल्याला जुन्या भाड्याच्या बदली जागा मिळायची आहे, तेव्हा ती सवलत आपल्या कामी येते की नाही हे वकीलच सांगतील.

तर मंडळाच्या समितीने असे ठरवले आहे. येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता, याच खोलीत, ज्यांना ज्यांना वाटते त्यांनी भाडेपावती, शिधापत्रिका आणि विजेचे बिल घेऊन यावे. आपल्यातल्या एकीची सून वकील आहे, ती येऊन बसणार आहे आणि कुणाच्या कागदात काय लागेल ते सांगणार आहे. फी नाही. ज्यांच्या सासूबाई हयात आहेत त्यांनी त्यांनाही आणावे, त्यांचे नाव आधी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना चढउतार होत नाही, त्यांच्याकडे आम्ही दोघीतिघी वर जाऊ. पावती सापडत नसेल तर ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली पाहा. आमची तिथेच होती.

आणि माहीमला सहल काढावी असे काही जणींनी सुचवले आहे. खाडीवरचा तो रस्ता बघून पुढे माउंट मेरीला, येताना माहीमच्या दर्ग्यावरून आणि शीतळादेवीवरून. तारीख फळ्यावर लिहू. डबे घरून आणायचे आहेत.

 चहा तयार आहे असे आतून सांगत आहेत, तेव्हा मी बसते.